कॉम्प्युटर चालू होतो, पण वायफाय लागत नाही: दोष नेमका कुठे आहे ते शोधायची रीत

तासगाव तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या एका दादांचा फोन सलग तीन दिवस सकाळी साडेनऊच्या सुमारास आला. "सर, मशीन चालू झालंय, पण वायफाय लागंना झालंय. बाहेर माणसं सातबाऱ्याला थांबल्यात." तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "मग रोज शेवटी सुरू कसं होतंय?" ते म्हणाले, "रिस्टार्ट मारलं की लागतंय की."

निदान त्या उत्तरातच होतं. पण त्याआधीच्या महिन्यात त्यांनी नवा राऊटर घेतला होता आणि कुणीतरी सांगितलं म्हणून विंडोजही नव्यानं टाकून घेतलं होतं. दोन्हीला पैसे गेले, दोष होता तिथंच राहिला. करायचं एवढंच होतं की एका चौकोनातली टिक काढायची.

मी सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. 'चालू केल्यावर वायफाय लागत नाही' ही तक्रार माझ्याकडे बारा महिने येते आणि उन्हाळ्यात वळीव सुरू झाला की दुप्पट येते. या एका वाक्याखाली सहा-सात निरनिराळे दोष लपलेले असतात. ते ओळखायला महागडं साधन लागत नाही, दोन-तीन दिवस नीट बघावं लागतं. ते कसं बघायचं आणि सापडल्यावर काय करायचं, ते इथं सविस्तर लिहितो. बहुतेक सूचना विंडोज १० आणि ११ साठी आहेत, लिनक्ससाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

आधी चार प्रश्न

बटण दाबल्यापासून वेबसाइट उघडेपर्यंत काही गोष्टी ठरलेल्या क्रमानं घडतात. आधी वायफाय कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला वायफाय पकडणारा भाग, जागं होतं आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, चढतो. मग विंडोजमधली वायफाय सांभाळणारी सर्व्हिस सुरू होते. ती आजूबाजूची नेटवर्क शोधते, त्यातलं ओळखीचं निवडते, पासवर्डची देवाणघेवाण होते. राऊटर कॉम्प्युटरला एक पत्ता देतो, म्हणजे आयपी ॲड्रेस. आणि सगळ्यात शेवटी राऊटरच्या पलीकडचं इंटरनेट येतं. यातली कुठलीही पायरी अडली तरी माणूस 'वायफाय लागंना' असंच म्हणतो. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एका कागदावर चार उत्तरं लिहा.

पहिला प्रश्न: शटडाऊन करून चालू केल्यावरच त्रास होतो, की रिस्टार्ट केल्यावरही होतो?

दुसरा: त्याच वेळी, त्याच खोलीत, तुमच्या मोबाईलला तेच वायफाय लागतं का? मोबाईलचा डेटा बंद करून बघा, नाहीतर फसगत होते.

तिसरा: काहीही न करता पाच मिनिटं थांबलं तर आपोआप लागतं का?

चौथा: लाईट जाऊन आल्यानंतरच होतं, की एरवीही?

शिवाय खाली उजव्या कोपऱ्यातलं चिन्ह बघा. वायफायचे पंखे दिसत आहेत, पण जोडलेलं नाही, म्हणजे कार्ड जागं आहे, अडचण नेटवर्क शोधण्यात किंवा निवडण्यात आहे. पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह दिसतंय आणि यादीत वायफायचा पर्यायच नाही, म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर जागा झालेला नाही. 'कनेक्टेड, नो इंटरनेट' असं दिसत असेल तर वायफाय लागलेलंच आहे, दोष त्याच्या पुढं आहे. मोबाईलवर या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.

काम अडलेलं असेल तर शोधाशोध करण्याआधी इंटरनेट मिळवा. मोबाईल चार्जिंगच्या वायरनं कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. वायफाय कार्ड पूर्ण बंद असलं तरी यानं नेट येतं. मुलाचा प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असताना लोक रात्री अकराला ड्रायव्हर शोधत बसलेले मी पाहिलेत. आधी फॉर्म भरा.

रिस्टार्टनं लागतं, शटडाऊननंतर लागत नाही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं असेल तर संशयित जवळजवळ ठरलेला आहे: फास्ट स्टार्टअप. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ही सोय आली. आपण शटडाऊन म्हणतो तेव्हा विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि चढलेले ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवतं. सकाळी बटण दाबलं की ते नव्यानं उभं करण्याऐवजी कालचंच उचलून पुढं चालू करतं. म्हणून मशीन लवकर सुरू होतं. पण वायफाय कार्डाची वीज रात्री खरोखर गेलेली असते आणि ड्रायव्हर मात्र कालच्याच समजुतीत असतो. काही कार्डांचं आणि ड्रायव्हरचं मग एकमेकांशी जुळत नाही. रिस्टार्टमध्ये हा शॉर्टकट वापरला जात नाही, सगळं पहिल्यापासून उभं राहतं, म्हणून तेव्हा वायफाय बिनतक्रार लागतं.

खात्री करायचे दोन मार्ग आहेत. टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'वर जा, खाली 'अप टाइम' दिसेल. तुम्ही रोज रात्री बंद करता आणि तिथं चार-पाच दिवसांचा आकडा दिसतोय, तर विंडोज खऱ्या अर्थानं बंद झालेलंच नाही. दुसरा मार्ग म्हणजे एके रात्री शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा. तेवढ्यापुरतं ते पूर्ण बंद होतं. सकाळी वायफाय लगेच लागलं तर शंका राहत नाही.

कायमचा उपाय असा:

१. स्टार्टमध्ये 'कंट्रोल पॅनल' टाइप करून ते उघडा. 'हार्डवेअर अँड साऊंड', मग 'पॉवर ऑप्शन्स'.

२. डावीकडे 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू' यावर क्लिक करा.

३. वरती 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी निळी ओळ आहे. तिच्यावर क्लिक केल्याशिवाय खालचे चौकोन फिकेच राहतात. लोक इथंच अडकतात.

४. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची टिक काढा, 'सेव्ह चेंजेस' करा, आणि मग एकदा शटडाऊन करून पुन्हा चालू करा.

चौकोनच दिसत नसेल तर तुमच्या मशीनवर हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर लिहून मशीन बंद करायची सोय, बंद आहे. म्हणजे फास्ट स्टार्टअपही बंदच आहे, दोष दुसरीकडे शोधा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही टिक परत आली आहे का तेही बघत जा.

यामुळं मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, असेल तर फरक जाणवतही नाही. जुन्या हार्डडिस्कवर जाणवतो, पण सकाळी दोनदा सुरू करण्यापेक्षा एकदा सावकाश सुरू झालेलं बरं. तासगावच्या दादांचं मशीन या एका टिकेनंतर नीट चालू लागलं.

वीज वाचवण्यासाठी झोपवलेलं कार्ड

लॅपटॉपचं झाकण लावून ठेवलं आणि सकाळी उघडल्यावर वायफाय नाही, असा प्रकार असेल तर डिव्हाइस मॅनेजरकडे जा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली की यादीत तो दिसतो. 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडून तुमचं कार्ड शोधा. नावात बहुधा इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम असेल, सोबत 'वायफाय' किंवा 'वायरलेस'. त्यावर डबल क्लिक, मग 'पॉवर मॅनेजमेंट', आणि 'अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' ही टिक काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅबच नसतो. नसेल तर पुढं चला.

लाईट जाऊन आली की लागत नाही

आपल्या भागात हा प्रकार सगळ्यात जास्त. एप्रिल-मे मध्ये दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, लाईट जाते. कॉम्प्युटर यूपीएसवर किंवा लॅपटॉप बॅटरीवर असतो, तो चालूच राहतो. राऊटर मात्र भिंतीवर नुसत्या बोर्डाला लावलेला असतो, तो मरतो. किंवा दोन्ही बंद होतात आणि लाईट आल्यावर दोन्ही एकदम सुरू होतात. एसएसडीचा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात तयार होतो. फायबरच्या डब्याला, म्हणजे नेट देणाऱ्यानं बसवलेल्या राऊटरला, मात्र स्वतः उठायचं, मग कंपनीच्या बाजूशी संपर्क जोडायचा, मग वायफाय प्रसारित करायचं, यात दोन-तीन मिनिटं सहज जातात. कॉम्प्युटर आधी उठतो, नेटवर्क शोधतो, ते तिथं नसतं.

तेव्हा लाईट आल्यावर आधी डब्यावरचे दिवे बघायची सवय लावा. 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा झाला का? 'लॉस' लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. तिथं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही, नेट देणाऱ्याला फोन करा. वादळात खांबावरची तार तुटलेली असते आणि घरात माणूस विंडोजची सेटिंग बदलत बसलेला असतो. बदललेली सेटिंग मग तार जोडल्यावर नवा त्रास देते.

इथं एक बारीक गोष्ट आहे, जी दुकानदारही सहसा सांगत नाहीत. वायफाय बहुधा २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, आणि प्रत्येक पट्ट्यात आकड्यांनी ओळखले जाणारे चॅनल असतात. ५ गीगाहर्ट्झच्या वायफायचे काही चॅनल, साधारण ५२ ते १४४ या आकड्यांमधले, रडारही वापरतात. अशा चॅनलवर प्रसारण सुरू करण्याआधी राऊटरला निदान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं, की जवळपास रडार तर नाही ना. त्या मिनिटात तुमचं ५ गीगाहर्ट्झचं नाव यादीत दिसत नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये ५ गीगाहर्ट्झचा चॅनल 'ऑटो'ऐवजी ३६, ४०, ४४ किंवा ४८ ठेवला की ही वाट बघणी संपते.

राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेण्यासारखा आहे. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ किंवा ५ चेही असतात. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनेचा आकार आणि अधिक-उणे जुळतंय का तेही तपासा. चुकीच्या व्होल्टनं डबा जळतो, आणि डबा कंपनीचा असेल तर त्याची भरपाई तुमच्या माथी येते.

लाईटीनंतरचा आणखी एक दोष दुकानांत दिसतो. प्रिंटर किंवा बिलिंगसाठी कुणीतरी कॉम्प्युटरला आयपी ॲड्रेस हातानं टाकून ठेवलेला असतो. लाईट जाते, राऊटर पुन्हा उठतो, आणि तोच पत्ता कामगाराच्या मोबाईलला देऊन टाकतो. मग कॉम्प्युटरला नेट नाही. कधी लागतं, कधी नाही, ते कोण आधी जोडलं गेलं यावर अवलंबून. सेटिंग्जमध्ये तुमच्या वायफायच्या 'प्रॉपर्टीज' उघडून 'आयपी असाइनमेंट' बघा. तिथं 'मॅन्युअल' असेल आणि कारण कुणालाच आठवत नसेल, तर 'ऑटोमॅटिक डीएचसीपी' करा. ठरलेलाच पत्ता हवा असेल तर तो कॉम्प्युटरमध्ये टाकण्याऐवजी राऊटरमध्ये त्या मशीनच्या नावे राखून ठेवा.

त्याच पानावर खाली 'आयपीव्ही४ ॲड्रेस' दिसतो. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर याचा अर्थ: वायफाय जोडलं गेलं, पण राऊटरनं पत्ता दिला नाही, म्हणून विंडोजनं स्वतःच एक तात्पुरता घेतला. अशा वेळी राऊटरची वीज काढा, एक मिनिट थांबा, परत लावा, तीन मिनिटं जाऊ द्या, आणि मग कॉम्प्युटरचं वायफाय बंद-चालू करा.

नेटवर्क दिसतच नाही, किंवा भलतंच लागतं

मोबाईलला दिसतं, लॅपटॉपला दिसत नाही. याची कारणं तीन.

एक, जुनं कार्ड फक्त २.४ गीगाहर्ट्झ समजतं आणि राऊटरवर तो पट्टाच बंद आहे. दोन, राऊटर २.४ गीगाहर्ट्झच्या १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर गेला आहे. आपल्याकडे १ ते १३ चॅनल चालतात, पण अमेरिकेच्या नियमांप्रमाणे बसवलेली काही कार्डं ११ च्या पुढं बघतच नाहीत. राऊटरचा चॅनल ऑटोवर असेल तर रोज उठताना तो वेगळा चॅनल निवडू शकतो, म्हणून 'सोमवारी दिसलं, मंगळवारी नाही' असं होतं. १, ६ किंवा ११ पैकी एक कायम करून टाका. तीन, राऊटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली आहे. जुन्या कार्डांना ती जमत नाही. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा.

गावभागातल्या जुन्या घरांबद्दल एक सांगतो. तिथल्या भिंती हातभर जाड असतात. ५ गीगाहर्ट्झची लहर अशा एका भिंतीतून जेमतेम जाते, दुसऱ्या भिंतीपलीकडं पोचत नाही. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर चालू झाल्यावर कॉम्प्युटर कधी ५ वाला पकडतो आणि धडपडत राहतो. मी अशा घरांत दोन नावं वेगळी करून देतो आणि आतल्या खोलीतल्या मशीनला फक्त २.४ वालं जोडतो. वेग कमी मिळतो, पण रोज मिळतो.

आणि भलतंच नेटवर्क लागतंय का तेही बघा. कॉम्प्युटरला एकदा मुलाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडलेला असतो, एकदा शेजारच्यांचं वायफाय. 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वायफाय', 'मॅनेज नोन नेटवर्क्स' इथं सगळी जुनी नावं दिसतात. नको असलेल्यांवर 'फरगेट' करा. हवं असलेलं उघडून 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' समोर टिक आहे ना ते बघा. ही टिक नसली की रोज हातानं जोडावं लागतं. राऊटरचा पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार अलीकडे बदलला असेल, तर हवं असलेलं नावही एकदा फरगेट करून नव्यानं जोडा.

जोडलेलं दिसतं, पण एकही साइट उघडत नाही

मोबाईलवर नेट आहे, कॉम्प्युटरवर वायफायही जोडलेलं आहे, आणि ब्राउझर मात्र प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो किंवा घड्याळाबद्दल तक्रार करतो. आधी तारीख बघा. ती काही वर्षं मागची दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. गोल, चपटा, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडंही मिळतो. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरू आणि संपायची तारीख असते. कॉम्प्युटरला जुनं साल वाटलं की त्याच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो साइट अडवतो.

पाच-सात वर्षांच्या डेस्कटॉपमध्ये, आणि त्यातही जिथं रात्री बोर्डाचं बटण बंद करतात तिथं, हे हमखास होतं. बटण चालू असताना घड्याळाला विजेचा आधार असतो, बंद केल्यावर सगळा भार त्या सेलवर येतो. बटण बंद करणं चूक नाही, विजांच्या दिवसांत तर मी स्वतः करायला सांगतो. फक्त सेल लवकर संपतो हे ध्यानात असू द्या. बदलताना पॉवरची वायर पूर्ण काढा, एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, छोटी पट्टी हळूच बाजूला करा म्हणजे सेल वर उडतो, आणि नवा अधिकाची बाजू वर ठेवून बसवा. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ लावा. लॅपटॉपमध्ये हा सेल आत खोल असतो, तिथं स्वतः उघडू नका.

डेस्कटॉपला लावलेला डोंगल

यूएसबीच्या बोटभर वायफाय डोंगलचा त्रास जागेमुळं जास्त होतो. मशीन टेबलाखाली, डोंगल मागच्या बाजूला, मध्ये पत्र्याची कॅबिनेट, आणि पलीकडं लोखंडी कपाट. शिवाय निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टमधून, विशेषतः शेजारी हार्डडिस्क लावलेली असली की, २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यातच विद्युत गोंगाट येतो. डोंगल काळ्या यूएसबी २ च्या पोर्टला लावा आणि मीटरभर एक्स्टेंशन वायर घेऊन तो टेबलावर आणा. सुरू होताना कधी सापडतो, कधी नाही अशी तक्रार असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरा. ते थेट मदरबोर्डवर असतं, पुढचं आतल्या वायरनं आलेलं असतं आणि ती वायर सैल झालेली मी अनेकदा बघितली आहे.

यादीतून वायफायच गायब

आधी सोपं: विमानाचं चिन्ह चालू आहे का? कीबोर्डवरचं वायफायचं बटण चुकून दाबलं गेलं का? जुन्या लॅपटॉपच्या कडेला सरकवायचं छोटं बटण असतं, तेही बघा.

नंतर विंडोज आणि आर दाबून 'सर्व्हिसेस' उघडा. त्यासाठी चौकटीत इंग्रजीत सर्व्हिसेस, टिंब, एमएससी असं टाइप करायचं. यादीत 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' शोधा. ती 'रनिंग' हवी आणि 'स्टार्टअप टाइप' ऑटोमॅटिक हवा. मशीन वेगवान करून देतो म्हणणारी काही मोफत सॉफ्टवेअरं ही सर्व्हिस बंद करून ठेवतात. अशी सॉफ्टवेअरं ठेवूच नका.

सर्व्हिस ठीक असेल तर ड्रायव्हर. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा. ते फिकं असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर टेदरिंगवर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि मगच 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून मशीन रिस्टार्ट करा. हा क्रम उलटा केला तर नेटही नाही आणि ड्रायव्हरही नाही अशी गत होते. 'ड्रायव्हर अपडेट करा' म्हणून जाहिरात करणाऱ्या तिसऱ्याच साइटवर जाऊ नका.

तरीही जमत नसेल तर 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' (विंडोज १० मध्ये 'स्टेटस'), 'नेटवर्क रिसेट'. यानं सगळी नेटवर्क कार्डं काढून पुन्हा बसवली जातात, आणि साठवलेले सगळे वायफाय पासवर्डही जातात. पासवर्ड आधी लिहून ठेवा. व्हीपीएन वापरत असाल तर तोही पुन्हा बसवावा लागू शकतो.

दोष कधी येतो, कधी नाही, आणि कारण हाती लागत नसेल तर विंडोजनं लिहून ठेवलेली नोंद वाचा. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग', 'ऑपरेशनल'. ८००१ म्हणजे जोडलं गेलं, ८००२ म्हणजे जोडणी फसली, ८००३ म्हणजे तुटलं. ८००२ वर क्लिक केलं की खाली कारणही लिहिलेलं असतं. सकाळी मशीन चालू केल्याच्या वेळेला ८००२ ची नोंद आहे की काहीच नोंद नाही, हे महत्त्वाचं. काहीच नसेल तर विंडोजनं जोडायचा प्रयत्नच केलेला नाही, म्हणजे कार्ड, सर्व्हिस किंवा 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'ची टिक.

टॅली उघडत नाही, नेट मात्र आहे

मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या पेढ्यांवर हे ऐकू येतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका मशीनवर, बाकीची मशीनं वायफायवरून तो उघडतात. चालू झाल्यावर 'सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत' अशी सूचना येते आणि ड्राइव्हवर लाल फुली दिसते. विंडोज लॉगिन झाल्याबरोबर ड्राइव्ह जोडायला जातं, तेव्हा वायफाय अजून लागत असतं. मिनिटभरानं ड्राइव्हवर डबल क्लिक केली की ती उघडते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये 'ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन' असा पर्याय आहे, होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा एडिटरच नसतो.

पण माझं स्पष्ट मत असं की हिशेबाचा डेटा ज्या मशीनवर आहे, ते तरी वायफायवर ठेवू नका. कॅट ६ ची केबल टाकून घ्या. १०० मीटरपर्यंत ती विनातक्रार चालते, कुठल्याही पेढीला तेवढी पुरते. लिहिता लिहिता वायफाय तुटलं तर डेटा खराब होऊ शकतो, आणि ऐन हंगामात ते परवडणारं नाही.

लिनक्स मिंट किंवा उबुंटू असेल तर

इथं एक कारण पुन्हा पुन्हा दिसतं. वायफायचा पासवर्ड वापरणाऱ्याच्या कुलूपबंद पेटीत, म्हणजे कीरिंगमध्ये साठवलेला असतो. लॉगिन करून ती पेटी उघडेपर्यंत वायफाय लागत नाही. ऑटोमॅटिक लॉगिन ठेवलं असेल तर रोज पेटीचा पासवर्ड विचारणारी चौकट येते. 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये तुमचं नेटवर्क उघडा, 'जनरल'मध्ये 'ऑल यूजर्स मे कनेक्ट टू धिस नेटवर्क' वर टिक करा, आणि सुरक्षेच्या टॅबमध्ये पासवर्डाच्या चौकटीतल्या छोट्या चिन्हावर क्लिक करून तो सर्वांसाठी साठवा. मग मशीन सुरू होतानाच, लॉगिनच्या आधी, वायफाय लागतं. पासवर्ड सर्वांसाठी साठवला म्हणजे त्या मशीनवर प्रशासकाचे अधिकार असलेल्या कुणालाही तो वाचता येतो, एवढं माहीत असू द्या.

कार्डच गेलं आहे का, याची शेवटची चाचणी

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते आणि अडकलेलं कार्ड पुष्कळदा यानं मोकळं होतं. तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसत नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून बघा, इन्स्टॉल न करता. तिथं वायफाय लागलं तर कार्ड चांगलं आहे, दोष विंडोजमध्ये आहे. तिथंही दिसलं नाही तर कार्ड सैल झालं आहे किंवा गेलं आहे. एखादा नवा नमुना जुन्या लिनक्सला ओळखू येत नाही, म्हणून मिंट अलीकडचं घ्या.

कार्ड गेलं असेल तर बहुतेक लॅपटॉपमध्ये ते वेगळं बदलता येतं, पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागत नाही. कुणी थेट मदरबोर्डाची किंमत सांगितली तर आधी विचारा की कार्ड सुटं आहे की बोर्डावरच जोडलेलं आहे. काही पातळ लॅपटॉपमध्ये ते खरोखर बोर्डावर असतं, तेव्हा यूएसबी डोंगल लावणं स्वस्तात पडतं. दुरुस्तीला नेताना चार्जर सोबत घ्या, आणि ती चार उत्तरं लिहिलेला कागद आणि स्क्रीनचा फोटोही.